6 मतांची जागा: आयोवा, 2020

एका बाजूला 1,96,964 मतं, दुसऱ्या बाजूला 1,96,958. फरक 6. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात, म्हणजे आपल्या लोकसभेसारख्या सभागृहात, आयोवा राज्याच्या दुसऱ्या मतदारसंघातून कोण जाणार, हे 2020 साली एवढ्याशा फरकानं ठरलं. जवळपास 3 लाख 94 हजार माणसांनी मत दिलं आणि निकाल लावला तो एका जीपमध्ये मावतील एवढ्यांनी. 1984 नंतर प्रतिनिधीगृहाची इतकी चुरशीची निवडणूक झाली नव्हती.

मला या प्रकरणात 6 पेक्षा 22 हा आकडा जास्त अस्वस्थ करतो. 22 मतदारांच्या मतपत्रिका चुकीनं बाजूला ठेवल्या गेल्या, त्या धरल्या तर निकाल फिरतो, असा हरलेल्या उमेदवाराचा दावा होता. तो खरा की खोटा, हे ना कुठल्या न्यायालयानं ठरवलं, ना सभागृहानं. मतमोजणीची यंत्रणा इतकी चोख असलेल्या देशात हे असं अर्धवट का राहिलं, ते नीट पाहायला हवं.

मतदारसंघ आणि दोन उमेदवार

आयोवा म्हणजे मका, सोयाबीन आणि डुकरांचं राज्य. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्म्याच्या आसपास, आणि 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या 31 लाख 90 हजार. म्हणजे सगळं राज्य मिळून साधारण एका पुणे शहराएवढी माणसं. राज्यात 99 काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग, आहेत आणि तेव्हाचा दुसरा मतदारसंघ त्यातल्या आग्नेयेकडच्या 24 काउंट्यांचा होता. मिसिसिपी नदीकाठचं डेव्हनपोर्ट, विद्यापीठाचं आयोवा सिटी, मांस-प्रक्रिया कारखान्याचं ओटम्वा, एकेकाळी मेटॅगच्या धुलाई यंत्रांवर जगलेलं न्यूटन ही मोठी गावं. बाकी सगळी शेतं, धान्याचे उंच कोठार-मनोरे आणि एकेक रस्त्याची खेडी. आयोवा सिटी भरभरून डेमोक्रॅटिक, खेडी वर्षागणिक अधिकाधिक रिपब्लिकन. ओबामांना 2012 मध्ये हात देणारा हा मतदारसंघ 2016 आणि 2020 या दोन्ही वेळी सुमारे 4 टक्क्यांच्या फरकानं ट्रम्प यांच्याकडे गेला. मात्र खासदार 2006 पासून एकच, डेमोक्रॅट डेव्ह लोबसॅक. 2020 मध्ये ते निवृत्त झाले आणि जागा मोकळी झाली.

रिपब्लिकन उमेदवार मॅरिॲनेट मिलर-मीक्स. आठ भावंडांच्या घरातून सोळाव्या वर्षी बाहेर पडलेल्या, अठराव्या वर्षी सैन्यात गेलेल्या, पुढे ओटम्वात नेत्रतज्ज्ञ म्हणून स्थिरावलेल्या. लोबसॅक यांच्याविरुद्ध त्या 2008, 2010 आणि 2014 असं तीनदा लढल्या आणि तिन्ही वेळा हरल्या. डेमोक्रॅट उमेदवार रीटा हार्ट व्हीटलंडजवळ शेती करणाऱ्या, त्याआधी अनेक वर्षं शाळेत शिकवलेल्या, राज्याच्या सिनेटमध्ये बसलेल्या. दोघीही लोकांना वर्षानुवर्षं माहीत असलेल्या. प्रचाराबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. कोरोना, आरोग्य विमा, शेतमालाचे भाव हे विषय तिथं त्या वर्षी सगळीकडेच होते.

एका रात्रीतून दुसऱ्या रात्रीत फिरणारी आघाडी

3 नोव्हेंबर 2020 ला मतदान झालं. सुरुवातीच्या आकड्यांत मिलर-मीक्स 282 मतांनी पुढे होत्या. मग जॅस्पर काउंटीतून खबर आली की एका टाउनशिपचे, म्हणजे काउंटीतल्या एका लहान भागाचे, आकडे कळवताना चूक झाली आहे. दुरुस्ती होताच हार्ट 162 मतांनी पुढे. म्हणजे एका नोंदीनं 444 मतांचा झोका. दोन-चार दिवस जातात न जातात तोच लुकस काउंटीतही एका मतदान केंद्राचे आकडे चुकल्याचं उघड झालं आणि आघाडी पुन्हा मिलर-मीक्स यांच्याकडे आली.

ट्रम्प रोज मतचोरीचे आरोप करत होते ते हेच दिवस. त्यामुळे या दोन चुकांकडे लोक कोणत्या नजरेनं पाहत असतील याची कल्पना करा. प्रत्यक्षात दोन्ही ठिकाणी मतपत्रिका जागच्या जागी, कुलपात होत्या. मतदानाच्या रात्री काउंटी जे आकडे कळवते ते अनधिकृत असतात. त्यानंतर काउंटीचं निर्वाचित पर्यवेक्षक मंडळ सगळी बेरीज तपासून त्यावर सही करतं, आणि तोच खरा आकडा. चूक सापडली ती याच तपासणीच्या ओघात. राज्याच्या निवडणुकांचं काम पाहणारे राज्य सचिव पॉल पेट स्वतः रिपब्लिकन, तरी जॅस्परची चूक जाहीर करताना आपल्या पक्षाची आघाडी जाते याचा त्यांनी विचार केला नाही. मला या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत आश्वासक गोष्ट वाटते, आणि तिची चर्चा सर्वांत कमी झाली.

यात काउंटी ऑडिटर नावाच्या माणसाकडे नीट पाहायला हवं. नाव हिशेब तपासनिसाचं असलं तरी आयोवात निवडणूक प्रत्यक्ष घेतो तो हाच. मतदार याद्या, मतपत्रिका छापून घेणं, केंद्रं लावणं, टपाली पाकिटं स्वीकारणं, सगळं त्याच्या कार्यालयात. लहान काउंटीत हे कार्यालय म्हणजे दोन-चार माणसं, आणि हीच माणसं एरवी जमिनीच्या नोंदी नि करांचं कामही पाहतात. त्या वर्षी कोरोनामुळे टपाली मतांचा ढीग कधी नव्हे इतका वाढला होता. अशा टेबलावर रात्री अकरा वाजता एखादा आकडा चुकला तर त्यात कारस्थान शोधायची गरज नाही.

काउंट्यांच्या अधिकृत तपासणीनंतर मिलर-मीक्स 47 मतांनी पुढे राहिल्या. हार्ट यांनी सर्वच्या सर्व 24 काउंट्यांत फेरमोजणी मागितली.

फेरमोजणी

आयोवाच्या तेव्हाच्या कायद्यात फेरमोजणीसाठी प्रत्येक काउंटीत तिघांचं मंडळ बसायचं: एक सदस्य एका उमेदवाराचा, एक दुसऱ्याचा, तिसरा दोघांच्या संमतीनं. कागदावर हे न्याय्य दिसतं. अडचण अशी की मोजायचं कसं, हे त्या त्या मंडळानं ठरवायचं. कुणी सगळ्या मतपत्रिका पुन्हा यंत्रातून काढल्या, कुणी हातानं मोजल्या, कुणी यंत्रातून काढून फक्त यंत्रानं बाजूला टाकलेल्या डोळ्यांनी पाहिल्या. एकाच मतदारसंघात, एकाच शर्यतीत, पद्धती वेगवेगळ्या.

याचा फरक पडतो तो कसा, हे एका मतपत्रिकेवरून कळेल. नावासमोरचा लंबगोल काळा करायचा असतो. एखाद्या आजोबांनी लंबगोल न भरता नावाभोवती गोल काढला, किंवा बरोबरची खूण केली, तर यंत्राला तिथं काहीच दिसत नाही. यंत्र म्हणतं, या शर्यतीत मत दिलेलं नाही. माणसानं ती हातात घेतली तर आजोबांचा कौल लख्ख दिसतो. म्हणजे जिथं माणसांनी कागद पाहिला तिथं असं मत मोजलं गेलं, आणि जिथं फक्त यंत्रानं पाहिला तिथं गेलं नाही. 47 मतांच्या शर्यतीत कोणाच्या आजोबांचं घर कोणत्या काउंटीत आहे, यावर त्यांच्या मताची किंमत ठरावी, ही गोष्ट मला पटत नाही. हार्ट यांच्या बाजूनं पुढं हाच मुद्दा मांडला गेला आणि तो योग्यच होता.

मतदारसंघातल्या सर्वांत मोठ्या स्कॉट काउंटीत आणखी पेच झाला. फेरमोजणीत मूळ आकड्यापेक्षा शंभराहून अधिक टपाली मतपत्रिका जास्त निघाल्या, आणि तो फरक समाधानकारकपणे न उलगडताच आकडा पुढे गेला. एकेका काउंटीचं काम आटोपत गेलं तसं 47 चं अंतर आक्रसत गेलं. 30 नोव्हेंबरला राज्याच्या निवडणूक मंडळानं निकाल प्रमाणित केला. मिलर-मीक्स विजयी, 6 मतांनी. त्या मंडळात रिपब्लिकन राज्यपाल किम रेनॉल्ड्स होत्या, तसे राज्याचे डेमोक्रॅट लेखापरीक्षक रॉब सँडही होते.

दोन दारं

इथून पुढं हार्ट यांच्यापुढे दोन वाटा होत्या, आणि सगळं प्रकरण या निवडीवर फिरलं.

पहिली वाट राज्याची. आयोवाच्या कायद्यानुसार राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि चार जिल्हा न्यायाधीश असं पाच जणांचं विशेष न्यायालय बसतं. पण त्याला 8 डिसेंबरपर्यंत निकाल द्यावा लागणार होता. 30 नोव्हेंबर ते 8 डिसेंबर: न्यायाधीश नेमायचे, 24 काउंट्यांतून मतपत्रिका मागवायच्या, साक्षी घ्यायच्या आणि निकाल लिहायचा, सगळं जेमतेम आठवड्याभरात. हार्ट यांच्या वकिलांचं म्हणणं, हे अशक्य आहे.

दुसरी वाट थेट वॉशिंग्टनची. अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या कलमाच्या पाचव्या विभागात लिहिलं आहे की प्रत्येक सभागृह आपल्या सदस्यांच्या निवडणुकीचा न्यायाधीश स्वतःच असेल. त्यासाठी 1969 चा संघीय कायदाही आहे. मराठी वाचकाला हे विचित्र वाटेल, कारण आपल्याकडे खासदाराच्या निवडणुकीवरचा वाद लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार 45 दिवसांत उच्च न्यायालयात न्यावा लागतो. 2024 मध्ये मुंबई वायव्य मतदारसंघात रवींद्र वायकर 48 मतांनी निवडून आले तेव्हा अमोल कीर्तिकर मुंबई उच्च न्यायालयात गेले. तिथं त्यांची याचिका फेटाळली गेली. निकाल कुणाला पटो न पटो, तो दिला न्यायाधीशानं, लोकसभेतल्या बहुमतानं नव्हे. अमेरिकेत तो अधिकार प्रतिनिधीगृहाचा, म्हणजे व्यवहारात त्या घडीला बहुमतात असलेल्या पक्षाचा.

हार्ट यांनी राज्याचं न्यायालय वगळलं आणि 22 डिसेंबरला प्रतिनिधीगृहाकडे अर्ज केला. त्यात 22 मतपत्रिका नेमकेपणानं दाखवल्या होत्या. मॅरियन काउंटीतल्या काही टपाली मतपत्रिका मूळ मोजणीत राहिल्या आणि फेरमोजणीतही घेतल्या गेल्या नाहीत. स्कॉट काउंटीत केंद्राबाहेर गाडीत बसून मत दिलेल्या दोघांची मतं मोजलीच गेली नव्हती. इतर काहींचं पाकीट नीट चिकटलेलं नव्हतं, काहींच्या पाकिटावरची सही हवी तिथं नव्हती. या मतदारांची शपथपत्रं अर्जाला जोडलेली होती. ही 22 मतं धरली तर हार्ट 9 मतांनी जिंकतात, असं गणित होतं. त्या 22 जणांत मिलर-मीक्स यांना मत दिलेलेही होते. शिवाय सगळ्या काउंट्यांत एकाच पद्धतीनं हातमोजणी व्हावी, अशीही मागणी होती.

अर्ज मी मुद्द्याच्या दृष्टीनं भक्कम मानतो. गाडीत बसून मत देणाऱ्यानं काय चूक केली? त्यानं मत दिलं, कर्मचाऱ्यानं ते घेतलं, आणि ते बेरजेत आलं नाही. दोष पूर्णपणे यंत्रणेचा. पण वाट निवडताना हार्ट यांच्या बाजूची मोठी चूक झाली असं माझं ठाम मत आहे. आठ दिवस अपुरे होते हे मान्य. तरी त्यांनी त्या पाच न्यायाधीशांपुढे उभं राहायला हवं होतं. वेळ पुरत नाही असं न्यायालयानंच लिहून दिलं असतं, तर वॉशिंग्टनला जाताना त्यांच्या हातात एक कागद असता. तो नसल्यामुळे मिलर-मीक्स यांच्या वकिलांना सोपं उत्तर मिळालं: राज्यातली दाद न मागताच तुम्ही आपल्या पक्षाच्या सभागृहात आलात.

इंडियानाची सावली

आणि या उत्तराला धार होती ती छत्तीस वर्षांपूर्वीच्या एका जखमेमुळे. 1984 मध्ये इंडियानाच्या आठव्या मतदारसंघात डेमोक्रॅट फ्रँक मॅक्लॉस्की आणि रिपब्लिकन रिचर्ड मॅकिंटायर यांच्यात अशीच चुरस झाली. राज्यानं मॅकिंटायर यांना विजयाचं प्रमाणपत्र दिलं. डेमोक्रॅट बहुमताच्या प्रतिनिधीगृहानं ते न मानता जागा रिकामी ठेवली आणि लिऑन पॅनेटा यांच्या नेतृत्वाखाली तिघांच्या समितीकडून स्वतः मोजणी करवली. निकाल आला मॅक्लॉस्की 4 मतांनी विजयी. काही टपाली मतं मोजायची आणि तशाच प्रकारची दुसरी सोडायची, असा समितीचा निर्णय रिपब्लिकनांना कधीच पटला नाही. 1 मे 1985 ला सभागृहानं मॅक्लॉस्की यांना बसवलं आणि रिपब्लिकन सदस्य सभात्याग करून बाहेर पडले. पुढच्या काळात दोन पक्षांत जी कडवट दुही वाढली तिचं एक मूळ अनेकजण या मतदानात शोधतात.

2021 च्या जानेवारीत सभापती नॅन्सी पेलोसी यांनी हा धडा अर्धा लक्षात ठेवला. राज्याच्या प्रमाणपत्राचा मान राखून मिलर-मीक्स यांना 3 जानेवारीला शपथ देण्यात आली, पण अर्जावर निर्णय होईपर्यंत तात्पुरती. तीनच दिवसांनी ट्रम्प समर्थकांचा संसदेवर हल्ला झाला. त्या रात्री मिलर-मीक्स यांनी बायडेन यांच्या मतांवरच्या हरकतींच्या विरोधात, म्हणजे राज्यांनी प्रमाणित केलेले निकाल स्वीकारण्याच्या बाजूनं मत दिलं. ही नोंद त्यांच्या खात्यावर प्रामाणिकपणे मांडायला हवी. राज्यानं प्रमाणित केलं ते मान्य करा, हे तत्त्व त्यांनी आपल्या पक्षाच्या विरोधातही पाळलं होतं. त्यामुळे दोन महिन्यांनी तेच तत्त्व स्वतःसाठी मागताना त्यांचा आवाज खोटा वाटला नाही.

डेमोक्रॅटांची अडचण नेमकी उलट होती. दोन महिने ते देशाला सांगत होते की प्रमाणित निकाल उलटवू नका. आता त्यांच्याच समितीपुढे प्रमाणित निकाल उलटवण्याचा अर्ज होता, आणि हार्ट यांचे वकील मार्क इलायस हे ट्रम्प यांच्या खटल्यांना न्यायालयांत हरवणारे वकील. दोन गोष्टी एकसारख्या नव्हत्याच. हार्ट यांचा दावा पुराव्यासह, मोजक्या आणि दाखवता येणाऱ्या मतपत्रिकांचा होता. ट्रम्प यांचे दावे साठहून अधिक खटल्यांत टिकले नाहीत. पण हा फरक समजावायला चार वाक्यं लागतात आणि आरोप करायला चार शब्द पुरतात. शिवाय सभागृहात डेमोक्रॅटांचं बहुमत 222 विरुद्ध 213 इतकं निसटतं. एकेक जागा मोलाची, म्हणून हेतूवर संशय घेणंही सोपं.

10 मार्च 2021 ला झो लॉफग्रेन यांच्या अध्यक्षतेखालच्या प्रतिनिधीगृहाच्या प्रशासन समितीनं अर्ज फेटाळण्याची मिलर-मीक्स यांची मागणी 6 विरुद्ध 3 अशा पक्षरेषेवरच्या मतदानानं बाजूला ठेवली. रिपब्लिकनांनी अटीतटीच्या मतदारसंघांतल्या डेमोक्रॅट खासदारांवर दबाव वाढवला. त्यातल्या काहींना मतदानच नको होतं. मिनेसोटाचे डीन फिलिप्स यांनी उघडपणे लिहिलं की 6 मतांनी हरणं पक्षाला दुःखद आहे, पण सभागृहानं तो निकाल उलटवणं देशाला अधिक दुःखद ठरेल. एवढ्या पातळ बहुमतात असे चार-पाच जण फिरले की विषय संपला. 31 मार्चला हार्ट यांनी अर्ज मागे घेतला. दिशाभूल करणाऱ्या विषारी प्रचारापुढे मतदारांचा आवाज दबला, अशी खंत त्यांनी व्यक्त केली.

जे ठरलं नाही

म्हणजे 22 मतपत्रिकांवर निर्णय झाला नाही. त्या अवैध ठरल्या नाहीत, वैधही ठरल्या नाहीत. राज्याच्या न्यायालयानं त्या पाहिल्या नाहीत कारण कुणी तिथं गेलंच नाही, आणि सभागृहानं पाहिल्या नाहीत कारण पाहण्याची राजकीय किंमत कुणाला परवडणारी नव्हती. मिलर-मीक्स यांचा विजय कायद्यानं पक्का आहे आणि त्यावर शंका घेण्याचं मला कारण दिसत नाही. त्यांच्या बाजूचं म्हणणं असंही होतं की शोधायलाच बसलो तर आम्हालाही वगळलेली मतं सापडतील. ते खरं असेलही. मग ती सगळीच शोधायला हवी होती, दोन्हीकडची, आणि एकाच मापानं.

8 मार्चला, समितीच्या बैठकीच्या दोन दिवस आधी, राज्यपाल रेनॉल्ड्स यांनी आयोवाच्या ज्या नव्या निवडणूक कायद्यावर सही केली, त्या कायद्यानं काय केलं पाहा. मतदान केंद्रं रात्री 9 ऐवजी 8 वाजता बंद. आगाऊ मतदानाचे दिवस 29 वरून 20. आणि टपाली मत मतदानाच्या दिवशी केंद्रं बंद होईपर्यंत हाती पडलंच पाहिजे. 2020 मध्ये आदल्या दिवसाचा टपाल शिक्का असलेलं पाकीट पुढच्या सोमवारी दुपारपर्यंत पोहोचलं तरी चालत असे. 6 मतांची निवडणूक ताजी असताना राज्याला घाई झाली ती पाकीट येण्याची मुदत कमी करण्याची. 24 मंडळांनी आपापल्या पद्धतीनं मोजलं, आठ दिवसांत न्यायालय बसवायचं होतं, या जखमेला त्या कायद्यानं औषध दिलं नाही.

मिलर-मीक्स 2022 मध्ये नव्यानं आखलेल्या पहिल्या मतदारसंघातून क्रिस्टिना बोहानन यांच्याविरुद्ध सहज निवडून आल्या. 2024 मध्ये त्याच बोहानन यांच्याशी पुन्हा गाठ पडली तेव्हा 4 लाखांहून अधिक मतांत त्यांचं मताधिक्य 800 च्याही आत राहिलं, आणि पुन्हा एकदा फेरमोजणी झाली. रीटा हार्ट 2023 च्या जानेवारीत आयोवाच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्ष झाल्या.

आणि त्या मतपत्रिका? संघीय कायद्यानुसार अशा निवडणुकीची कागदपत्रं 22 महिने जपून ठेवावी लागतात. 3 नोव्हेंबर 2020 पासून मोजलं तर ती मुदत 2022 च्या सप्टेंबरात संपली.